माप आणि परतीचे टपाल



महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला घरच्या वस्तूची ओढ लागते, तेव्हा तो टपालाचा आश्रय घेतो. पूर्वी दिवाळी अंक व्ही. पी. ने येत, आता नऊवारी साड्याही घरपोच येतात. या व्यवहारात वस्तू येण्याची बाजू फार सुधारली आहे. ती परत जाण्याची बाजू मात्र अजून कोणी मनावर घेतलेली नाही. या विषयावर लिहावे असे बरेच दिवस मनात होते. त्याला निमित्त मिळाले ते तिरुविसनल्लूरच्या भेटीचे.

तंजावूर परिसरात फिरणाऱ्या मराठी पर्यटकांचा मार्ग ठरलेला असतो: बृहदीश्वर, राजवाडा, सरस्वती महाल, आणि वेळ उरल्यास कुंभकोण. कुंभकोणपासून आठेक किलोमीटरवर कावेरीकाठी असलेल्या तिरुविसनल्लूरला सहसा कोणी जात नाही. वास्तविक हे गाव आपल्या इतिहासाचा एक धागा आहे. व्यंकोजीराजांचे पुत्र शहाजीराजे १६८४ ते १७१२ या काळात तंजावूरच्या गादीवर होते. त्यांनी १६९३ मध्ये हे गाव चाळीसहून अधिक विद्वानांना अग्रहार म्हणून दिले आणि गावाला शहाजिराजपुरम् हे नाव मिळाले. ‘जानकीपरिणय’ या संस्कृत नाटकाचे कर्ते रामभद्र दीक्षित येथलेच. श्रीधर वेंकटेश, ज्यांना लोक अय्यावाळ म्हणतात, तेही येथलेच. त्यांनी शहाजीराजांवर ‘शाहेंद्रविलास’ हे काव्य रचले.

अय्यावाळांची कथा गावातला प्रत्येक जण सांगतो. वडिलांच्या श्राद्धाच्या दिवशी दारी आलेल्या एका भुकेल्या माणसाला त्यांनी श्राद्धाचे अन्न दिले. तो माणूस ब्राह्मण नव्हता. गावाने बहिष्काराची भाषा केली आणि प्रायश्चित्त म्हणून गंगास्नान सांगितले. काशी दूर, तिथी तर आजचीच. तेव्हा त्यांनी गंगेची स्तुती केली आणि गंगा त्यांच्या अंगणातल्या विहिरीत उसळून वर आली, अशी श्रद्धा आहे. कार्तिक अमावास्येला हजारो लोक आजही त्या विहिरीच्या पाण्याने स्नान करतात. भारतीय टपाल खात्याने १० जुलै २०१६ पासून ऋषिकेश व गंगोत्रीचे गंगाजल बाटलीतून घरपोच देण्याची योजना सुरू केली, तेव्हा मला या विहिरीची आठवण झाली होती. टपालखर्च न आकारता घरपोच सेवा देण्यात अय्यावाळ खात्याच्या सव्वातीनशे वर्षे पुढे होते. असो.

त्या अमावास्येला पहाटे स्नान आटोपून आम्ही बाहेर आलो. रांगेने फुलवाल्या बसल्या होत्या. सौभाग्यवतींनी मोगऱ्याचा गजरा मागितला. फुलवालीने विचारले, किती मुळम्? मुळम् म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर, आपला हात. तमिळनाडूत फुले आजही याच मापाने विकली जातात. बाईंनी दोन मुळम् सांगितले. त्या फुलवालीने आपल्या कोपराला माळ लावून दोनदा मोजली आणि तोडून दिली. शेजारची फुलवाली अंगाने थोराड होती. दर दोघींचा सारखाच. सौभाग्यवतींनी जरा विचार करून पुढचा गजरा त्या दुसरीकडून घेतला. माझ्यासारख्या अर्थशास्त्राच्या जुन्या विद्यार्थ्याला यात सारे काही दिसले. माप एकच, नाव एकच, दर एकच. पण हात ज्याचा त्याचा. येथे फसवणूक नव्हती, कारण हात समोर होता आणि ग्राहक तो पाहून निवड करीत होता. हाच व्यवहार टपालाने करायचा असता, तर सौभाग्यवतींना थोराड हाताची फुलवाली कशी ओळखता आली असती?

हा प्रश्न मला सुचला याला घरगुती कारण होते. पुतणीचे लग्न चेन्नईला ठरले होते. चिरंजीव कन्येने त्यासाठी ‘शिवलेली नऊवारी’ घरबसल्या मागवली होती. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, आता नऊवारी नेसावी लागत नाही. ती काष्ट्यासकट शिवून मिळते आणि सलवारीसारखी पायांत चढवता येते. तमिळ ब्राह्मण स्त्रियांची मडिसार हीदेखील नऊ वारांची आणि काष्ट्याची. तीही आता तशीच शिवून मिळते. आमच्या कन्येने संकेतस्थळावरचा तक्ता पाहून ‘एल’ मागवली. आली ती कंबरेत घट्ट. परत पाठवून ‘एक्सएल’ मागवली. ती कंबरेला बरी, पण उंचीला चार बोटे आखूड. विक्रेत्याचे म्हणणे असे की, माल सदोष नाही, तक्त्याप्रमाणेच आहे, सबब परतीचा खर्च ग्राहकाचा. साडी साडेअठराशेची. दोन वेळच्या परतीचा हिशेब केला तेव्हा साडीच्या किमतीचा चौथा हिस्सा टपालात जात होता. कन्येने दुसरे पुडके परत पाठवलेच नाही. विक्रेत्याच्या दप्तरी तो व्यवहार ‘ग्राहक समाधानी’ म्हणून नोंदला गेला असावा.

मराठीत ‘मापात पाप’ असा शब्दप्रयोग आहे. आपले पूर्वज या पापाबद्दल अतिशय जागरूक होते. शिवकाळात अण्णाजी दत्तो यांनी जमीनमोजणी केली, तेव्हा काठी पाच हात पाच मुठींची ठरवली. पण कोणाचा हात, कोणाची मूठ? म्हणून हात चौदा तसूंचा ठरवला, आणि पाच मुठी धरून काठी ऐंशी तसूंची झाली. हात हे शरीराचे माप राहिले नाही, ते राज्याचे माप झाले. प्रशासनाच्या इतिहासात मला ही घटना मोठी वाटते. रयतेच्या शेतावर मोजणीदार आपला हात घेऊन न जाता राज्याची काठी घेऊन जातो, तेव्हा रयतेला निदान तक्रार करण्यासाठी एक आधार मिळतो. तंजावूरकडे शेतीची मोजणी वेली, मा आणि कुळी यांनी होत असे. एक वेली म्हणजे सुमारे साडेसहा एकर. अग्रहाराचे वाटे पाडायचे तर या मापांचाच आधार.

कापडाचे मात्र तसे झाले नाही. गज हे माप हिंदुस्थानभर होते, पण एकोणिसाव्या शतकात मुंबईचा गज २७ इंचांचा, मद्रासचा ३३ इंचांचा आणि बंगालचा ३६ इंचांचा धरला जाई. आता मुंबईच्या गृहिणीने मद्रासच्या व्यापाऱ्याकडे नऊ गज कापड मागितले तर काय होईल? मुंबईच्या गजाने २४३ इंच होतात, मद्रासच्या गजाने २९७. फरक ५४ इंचांचा, म्हणजे दीड वाराचा. येथे तिला फायदा झाला. मद्रासच्या स्त्रीने मुंबईहून मागवले असते तर तेवढीच तूट आली असती. दोघींनीही मागितले होते ‘नऊ गज’च. सरकारने १८८९ च्या लांबीच्या मापांच्या कायद्याने इंग्रजी यार्ड हे प्रमाण ठरवले. आपण त्याला वार म्हणू लागलो आणि साडी नऊवारी झाली. तमिळांनी जुना शब्द सोडला नाही, ते त्याच छत्तीस इंचांना गज म्हणतात. त्यांची मडिसार ‘ओन्बदु गजम्’, नऊ गजी. स्वातंत्र्यानंतर १९५६ चा वजने व मापे यांच्या प्रमाणांचा कायदा आला, दशमान पद्धती १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली, आणि नऊ वारांचे सव्वाआठ मीटर झाले. नाव मात्र नऊवारीच राहिले, आणि ते योग्यच आहे. सव्वाआठमीटरी या शब्दाला कोणी विहीण मान डोलावणार नाही.

आपल्या राज्यघटनेत मापांची प्रमाणे ठरवणे हा संघसूचीतला ५० वा विषय आहे आणि टपाल हा ३१ वा. दोन्ही केंद्राकडे. दूरच्या माणसाशी निर्धास्त व्यवहार करता यावा यासाठी देशाला ज्या गोष्टी एकसारख्या लागतात, त्यांत या दोन येतात. चलन ही तिसरी.

टपालाचा भाग अधिक रंजक आहे. १ ऑक्टोबर १८५४ पासून पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा हा दर अंतर न पाहता देशभर लागू झाला. १८७७ मध्ये व्हॅल्यू पेएबल पोस्ट, म्हणजे आपली व्ही. पी., सुरू झाली. पोस्टकार्ड १८७९ चे, मनीऑर्डर १८८० ची. या चार सुधारणांनी हिंदुस्थानातला किरकोळ व्यापार किती बदलला याचा स्वतंत्र अभ्यास व्हायला हवा. व्ही. पी. मध्ये पोस्टमन माल आणतो, पैसे घेतो आणि ते विक्रेत्याला पोहोचवतो. विक्रेत्याची भीती अशी की माल जाईल, पैसे येणार नाहीत. ग्राहकाची भीती अशी की पैसे जातील, माल येणार नाही. सरकार मध्ये उभे राहिले आणि दोन्ही भीती मिटल्या. आज ज्याला कॅश ऑन डिलिव्हरी म्हणतात आणि जी आपल्याकडच्या ऑनलाइन दुकानदारीत २०१० पासून रुळली, ती या व्ही. पी. चीच नात.

पण एक तिसरी भीती शिल्लक राहिली. माल येईल, पैसे जातील, आणि माल मनासारखा नसेल तर? व्ही. पी. चे पुडके पैसे भरल्याशिवाय उघडता येत नसे. मागवलेले पुस्तक असेल तर ठीक. पुस्तकाच्या दोन प्रती सारख्याच असतात. कपड्याचे तसे नाही. १८९८ च्या टपाल कायद्याने एवढी काळजी घेतली होती की, खरोखर मागणी आलेली असेल तरच व्ही. पी. पाठवता येईल, आणि फसवणूक झाल्यास वसूल रक्कम रोखून ग्राहकाला परत देता येईल असे नियम करण्याची सोय होती. हा कायदा १८ जून २०२४ रोजी नवा टपाल कायदा लागू होईपर्यंत, म्हणजे सव्वाशे वर्षे, चालला. पण आखूड बाही ही फसवणूक नव्हे. त्यावर कायद्यात काही नव्हते.

मी सहा-सात वर्षांचा असताना आमचे वडील रेल्वेच्या नोकरीत मध्य प्रदेशात होते. थंडी कडक. त्यांनी एका मासिकातली जाहिरात पाहून लोकरी कोट व्ही. पी. ने मागवला. जाहिरातीत ‘पसंत न पडल्यास पैसे परत’ असे ठळक अक्षरांत होते. कोट आला, छाती ३८ असे लिहिलेला, पण बटणे लागेनात. वडिलांची छाती ३८ च होती. आईने टेप लावून दोनदा खात्री केली. पत्र लिहिले. उत्तर आले की माल स्वखर्चाने रजिस्टर्ड पार्सलने पाठवावा, पोहोचल्यावर विचार केला जाईल. वडिलांनी टपाल कचेरीत जाऊन दर विचारला, घरी आले, आणि कोट ट्रंकेत ठेवला. पुढे अकरावी-बारावीची दोन वर्षे तो मी घातला. तोपर्यंत मला ३८ ची छाती आली नव्हती, म्हणून तो मला अगदी बरोबर बसे.

ही तिसरी भीती अर्थशास्त्राच्या भाषेत माहितीच्या विषमतेची आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्याचा गाभा असा की, विक्रेत्याला मालाचे गुणदोष ठाऊक आणि ग्राहकाला नाहीत, अशा बाजारातून चांगला माल हळूहळू बाहेर फेकला जातो. यावर दोन उपाय संभवतात. एक, मापाला अर्थ असावा, म्हणजे ३८ लिहिले की ३८ च निघावे. दोन, माल परत घेण्याची हमी असावी. यांपैकी पहिला उपाय नसेल तर दुसऱ्याचा खर्च वाढतो, आणि तो कोणीतरी सोसावा लागतो.

अमेरिकेत हे प्रकरण आपल्या आधी आणि फार मोठ्या प्रमाणावर घडले. शिकागोच्या ॲरन माँटगोमेरी वॉर्ड यांनी १८७२ मध्ये एका पानाच्या किंमतपत्रिकेवर टपालाने विक्री सुरू केली आणि १८७५ मध्ये समाधान न झाल्यास पैसे परत ही हमी दिली. पुढे सीअर्स रोबक यांचा जाडजूड कॅटलॉग घरोघरी गेला. तेथे टपालखाते प्रथम मागे होते. खेड्यात घरपोच टपाल १८९६ पासून आणि पार्सल पोस्ट तर १ जानेवारी १९१३ पासून. पण ती सोय झाली आणि शेतकऱ्याची बायको शिकागोहून झगे मागवू लागली. झगे येत, बसत नसत, परत जात. या परतीच्या खर्चाने व्यापारी बेजार झाले.

तेव्हा तेथल्या कृषी खात्याच्या गृहअर्थशास्त्र विभागाने १९३९-४० मध्ये स्त्रियांची मोजणी हाती घेतली. कृषी खात्याने झग्यांच्या मापात पडावे याचे आपल्याला आश्चर्य वाटेल, पण मंदीच्या काळात सरकारी पैशाने रोजगार द्यायचा होता आणि मोजणीदार त्यातून मिळाले. रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांच्या देखरेखीखाली पंधरा हजारांच्या आसपास स्त्रियांची प्रत्येकी ५९ मोजमापे घेतली गेली. अहवाल १९४१ मध्ये निघाला. त्यात फक्त गोऱ्या स्त्रियांचीच मापे धरली होती. देशाचे माप काढताना देशातल्या कोणाला मोजायचे नाही, हेही सरकारे ठरवत असतात. युद्धानंतर टपाल-व्यापाऱ्यांच्या संघटनेने मागणी लावून धरली आणि राष्ट्रीय मानक संस्थेने १९५८ मध्ये स्त्रियांच्या तयार कपड्यांचे व्यापारी मानक प्रसिद्ध केले. १९७० मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. आणि १९८३ मध्ये सरकारने ते काढूनच घेतले.

का काढून घेतले? मानक ऐच्छिक होते. त्यातला आठ नंबर म्हणजे कंबर सुमारे साडेतेवीस इंच. एखाद्या कारखानदाराच्या लक्षात आले की पंचवीस इंची झग्यावर आठ लिहिले तर बाई खूश होते. शेजारच्याने सव्वीसवर लिहिले. पाहता पाहता आठ नंबर हा आकडा राहिला, माप राहिले नाही. आजच्या तेथल्या आठ नंबरात १९५८ च्या आठ नंबरची बाई सहज हरवेल. फुलवालीचा मुळम् तिच्या हाडांनी ठरतो, त्यात तिला लबाडी करता येत नाही. आकड्याला हाडे नसतात.

आपल्याकडे हा प्रश्न उशिरा आला, कारण आपले वस्त्रच वेगळे. साडी, धोतर, उपरणे, वेष्टी यांना लांबी-रुंदी आहे, माप नाही. एकच साडी सासूला, सुनेला आणि गरोदर लेकीला बसते. जे शिवायचे ते शिंपी अंगावर टेप लावून शिवत असे. ब्रिटिश अधिकाऱ्यांना मात्र तयार कपड्यांची गरज होती. लंडनच्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सने १८९१ मध्ये मुंबईत शाखा काढली, तिची इमारत काळा घोड्याला अजून उभी आहे. त्यांचा माल कॅटलॉगवरून दूरच्या छावण्यांत जात असे. आपल्या लोकांत तयार कपडा सर्वत्र पसरला तो गेल्या चाळीस वर्षांत, आणि तोही परदेशी मापांच्या अक्षरांसह. म्हणजे ज्या मानकाला त्याच्या मायदेशात मूठमाती मिळाली होती, त्याची पिलावळ आपल्या दंडावर आणि कंबरेवर येऊन बसली. लातूरच्या, शिलाँगच्या आणि कुंभकोणच्या मुलीला एकाच तक्त्यात बसवायचे, आणि तो तक्ता तिघींपैकी एकीलाही मोजून केलेला नाही.

सरकार काहीच करीत नाही असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल, आणि हे मी केवळ नोकरीला जागून म्हणत नाही. वस्त्रोद्योग मंत्रालय आणि राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था यांनी ‘इंडियासाइझ’ हा प्रकल्प हाती घेतला. दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता, हैदराबाद आणि शिलाँग या सहा शहरांत १५ ते ६५ वयाच्या २५,००० व्यक्तींची शरीरमापे त्रिमिती यंत्राने घेण्याचे उद्दिष्ट त्यात ठरले. त्यात पुरुषही आले आणि ईशान्येकडचे लोकही आले, ही अमेरिकेच्या मोजणीपेक्षा चांगली गोष्ट. वैध मापनशास्त्राच्या नियमांत २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार सुट्या विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यांवर एस, एम, एल या अक्षरांबरोबर सेंटिमीटरमधील मापही देणे अपेक्षित आहे. माझ्या मते या साऱ्या प्रयत्नांत ही छोटी तरतूद सर्वांत उपयोगाची आहे. ‘एल’ कोणाचेही असू शकते, ८६ सेंटिमीटर कोणाचेही असू शकत नाही. अट एवढीच की ते माप अंगाचे की कापडाचे, हेही लिहावे. आमच्या पुडक्यावर नुसतेच ‘कंबर’ असे होते.

परतीच्या टपालाचे काय? २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी माल सदोष असेल किंवा जाहिरातीप्रमाणे नसेल तर तो परत घेणे विक्रेत्यावर बंधनकारक केले, आणि परतीचा खर्च किती याची माहिती देण्यासही सांगितले. पण माल निर्दोष आहे, फक्त बसत नाही, अशा वेळी तो खर्च कोणी सोसायचा यावर नियम मौन बाळगतात. युरोपातल्या वाचकांना ठाऊक असेल की तेथे २०११ च्या ग्राहक हक्क निर्देशाने चौदा दिवसांत कारण न देता माल परत करता येतो, पण परतीचा खर्च सामान्यतः ग्राहकाचा. जर्मनीत त्यापूर्वी चाळीस युरोंहून महाग मालाच्या परतीचा खर्च विक्रेत्यावर असे. जून २०१४ पासून तो नियम गेला. मोठे व्यापारी तरीही फुकट परती देतात, आणि ग्राहक एकाच झग्याची तीन मापे मागवून दोन परत पाठवतो. त्याचा खर्च शेवटी किमतीतच मिसळतो आणि नेमके माप मागवणारा प्रामाणिक ग्राहकही तो भरतो. लहान विक्रेत्याला तर हे परवडतच नाही. कोल्हापुरात किंवा पुण्यात घरी चार मशीन मांडून नऊवारी शिवणाऱ्या बाईने दर तिसरी साडी स्वखर्चाने चेन्नईहून परत आणायची ठरवली, तर तिचा धंदा दिवाळीपर्यंत टिकणार नाही. म्हणून सरसकट फुकट परतीचा आग्रह मला मान्य नाही. पण आपल्याच तक्त्यापासून कपडा ठरावीक सेंटिमीटरहून अधिक ढळला, तर तो सदोष माल समजावा, आणि टपाल विक्रेत्याचे. वजनात तूट आली तर आपण हेच म्हणतो. लांबीत का म्हणू नये?

हे सारे मी तिरुविसनल्लूरला ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या रायरांना ऐकवले. तंजावुरी मराठी घराणे, घरात जुन्या वळणाची मराठी अजून बोलतात. त्यांनी शांतपणे ऐकले आणि दुपारी आम्हाला जवळच्या तिरुभुवनमला नेले. तेथे सौराष्ट्र समाजाचे विणकर पिढ्यान्‌पिढ्या रेशमी साड्या विणतात. त्यांची भाषा मराठी कानाला अर्धी ओळखीची वाटते. १९५५ पासून तेथे विणकरांची सहकारी संस्था आहे, आणि २०१९ मध्ये तिरुभुवनमच्या रेशमी साडीला भौगोलिक निर्देशांक मिळाला. या साडीची घडी निराळी असते, पंख्यासारखी. तिला ‘विसिरी मडिप्पु’ म्हणतात. दुकानदाराने एक साडी हाताच्या झटक्याने उलगडली, नऊ वारांची, आणि तितक्याच सहजपणे पुन्हा पंख्यात बसवली. मी प्रयत्न केला, जमले नाही. ही घडी एकदा घरी मोडली की साडी उघडली गेली हे दुकानदाराला पाहताच कळणार, असा एक प्रशासकीय विचार माझ्या मनात आला. सौभाग्यवतींनी तो बोलून दाखवू दिला नाही.

साडी घेतली. रायरांच्या आईंनी, वय वर्षे चौऱ्याऐंशी, ती पदरापासून आपल्या हाताने मोजली. अठरा हात भरले, वर चार बोटे. दुकानातली धातूची मीटरपट्टी तिथेच पडून होती.

लग्नाच्या दिवशी त्या चेन्नईला आल्या आणि आमच्या कन्येला त्यांनीच साडी नेसवली. आधी मडिसारसारखी नेसवू लागल्या, मग मध्येच थांबून काष्टा आपल्या पद्धतीचा घातला. वेळ अर्धा तास लागला. ‘एक्सएल’चे पुडके अजून आमच्या कपाटात आहे, वर परतीचा पत्ता चिकटवलेला, मुदत संपलेली. सौभाग्यवतींच्या मते थोरल्या भाचीला ते बसेल.